सांडलेली वाइन आणि जिन्यावरची नजर

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा 24 वर्षांचा, दारू सोडून सात महिने झालेत. रोज रात्री झोपायच्या आधी तो जॉनी कॅश या अमेरिकन गायकाच्या ‘हर्ट’ या गाण्याचा व्हिडिओ लावतो, कधी लागोपाठ तीन-तीनदा. वडिलांनी एकदा मागे उभं राहून पाहिला. काळ्या कपड्यांतला थकलेला म्हातारा, पक्वान्नांनी भरलेलं टेबल, थरथरत्या हाताने त्यावर ओतलेली वाइन, मधेच येशूला क्रूसावर खिळतानाची दृश्यं. त्यांनी विचारलंय, ‘‘यात व्यसन नेमकं कुठे आहे? आणि दारू सोडलेल्या मुलाने हे रोज बघावं का?’’

व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून माझी बावीस वर्षं गेली. हा व्हिडिओ मी गटसभेत अनेकदा दाखवलाय, त्यामुळे तो बघणाऱ्यांचे चेहरे व्हिडिओपेक्षा जास्त पाठ आहेत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या पोटात आहे, म्हणून आधी व्हिडिओबद्दल बोलते.

मुळात हे गाणं कॅशचं नव्हे. ते लिहिलं ट्रेंट रेझनरने, त्याच्या नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या 1994 च्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या अल्बमसाठी. तेव्हा तो तिशीच्या आतला होता. काही जाणवतंय का हे बघण्यासाठी स्वतःलाच इजा करणारा माणूस गाण्याच्या सुरुवातीलाच भेटतो, आणि लगेच सुई येते. त्या मूळ गाण्याचाही व्हिडिओ आहे. भर मैफलीत पडद्यावर सडत जाणारा प्राणी, साप, युद्ध, अणुस्फोट असं सगळं दिसत राहतं. प्रतीकं अशी मोठ्या आवाजात ओरडणारी. त्या वयाला आणि त्या संगीताला ती शोभतात.

कॅशने ते गायलं 2002 च्या अल्बमसाठी. त्याचा निर्माता रिक रुबिन याने ते त्याच्यापुढे ठेवलं होतं. कॅशने शब्द जवळजवळ तसेच ठेवले, फक्त मुकुटाशी जोडलेली एक शिवी काढून तिथे काटे आणले. काटेरी मुकुट म्हटल्यावर ख्रिस्ती माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. मार्क रोमनेकने दिग्दर्शित केलेला व्हिडिओ 2003 मध्ये आला. त्याच वर्षी 15 मे रोजी कॅशची पत्नी जून गेली आणि 12 सप्टेंबरला तो स्वतः. ज्या घरात चित्रीकरण झालं ते टेनेसीतल्या हेंडरसनव्हिलचं घरही 2007 मध्ये जळून गेलं. हे माहीत झाल्यावर व्हिडिओ अधिकच जड वाटायला लागतो. पण चित्रीकरण चालू असताना यातलं पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं, एवढं ध्यानात असू द्या.

आता व्यसन. कॅश हा सुईवाला व्यसनी नव्हताच. त्याचं सगळं गोळ्यांवर चाललं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस रात्र-रात्र गाडी चालवून गावोगाव कार्यक्रम करताना जागं राहायला ॲम्फेटामिन, आणि मग झोप यावी म्हणून शामक गोळ्या. एक चढवायची, एक उतरवायची. आमच्याकडे येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांची आणि नाइट शिफ्टच्या पोरांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच असते. 1965 मध्ये टेक्सासातल्या एल पासोला त्याला अटक झाली, तेव्हा गिटारच्या पेटीत हजाराहून जास्त गोळ्या लपवलेल्या सापडल्या. 1968 मध्ये जूनशी लग्न झालं, आणि इथून पुढे लोक जी गोष्ट सांगतात ती सिनेमातली वाटते: प्रेमाने माणूस सुधारला. प्रत्यक्षात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्याच आवारातल्या एका शहामृगाने लाथ घालून त्याच्या बरगड्या मोडल्या, दुखणं थांबवायला गोळ्या सुरू झाल्या आणि जुनं सगळं परत उभं राहिलं. 1983 च्या अखेरीस तो कॅलिफोर्नियातल्या बेटी फोर्ड सेंटर या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. शहामृगाचं ऐकून गटात सगळे हसतात. मग मी विचारते, ऑपरेशननंतर किंवा दात काढल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांवरून कोण-कोण घसरलंय? दोन-तीन हात हळूच वर जातात. (तुमच्या मुलालाही कुठल्याही दवाखान्यात ‘माझं व्यसन होतं’ हे आधी सांगायची सवय लावा.)

म्हणजे शब्दांत सुई आहे, पण गाणाऱ्याच्या आयुष्यात ती नशेची नाही. सत्तरीतल्या, मधुमेहाने आणि दवाखान्याच्या फेऱ्यांनी पिचलेल्या माणसाच्या तोंडी तीच सुई इस्पितळातली होते. दिग्दर्शकाने पडद्यावर सिरिंज दाखवली नाही, गोळी नाही, धूर नाही, बाटली रिकामी करणारा हात नाही. तुम्हाला व्यसन दिसलं नाही याचं कारण हेच, यात तुमच्या बघण्याचा काही दोष नाही. आपल्याकडे व्यसन म्हटलं की पडद्यावर बाटली, विस्कटलेले केस आणि पाऊस लागतो. एखाद्याला आपण सहज ‘देवदास झालाय’ म्हणतो आणि त्यात थोडं कौतुकही असतं. या व्हिडिओत ते कौतुक औषधालाही नाही, म्हणून मला तो वापरावासा वाटतो.

मग दिसतं काय? टेबल. फळं, खाण्याचे पदार्थ, उंची पेला, सगळं एखाद्या राजाच्या पंगतीला शोभेल असं. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी अशी टेबलं खूप रंगवली. पिकून सडायला आलेलं फळ, कलंडलेला पेला, विझू घातलेली मेणबत्ती, एखादी कवटी, आणि त्यातून सांगायचं ते एवढंच की हे सारं जायचंय. ते टेबल बघताना ती चित्रं आठवतात. पण आमच्या धंद्यातला माणूस तिथे आणखी एक गोष्ट बघतो. एवढं वाढून ठेवलंय आणि पुढ्यातला माणूस एक घास खात नाही. नैराश्यात आणि व्यसन सुटल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पेशंट नेमकं हेच सांगतात. ‘‘मॅडम, बायकोने माझ्या आवडीचं मटण केलं होतं. खाल्लं. पण काही वाटलं नाही.’’ कशातच गोडी न वाटणं. मेंदूला कित्येक वर्षं नशेच्या मोठ्या धक्क्याची सवय लागलेली असते, साध्या सुखाची नोंदच त्याला घेता येत नाही. हळूहळू ते परत येतं, पण महिने लागतात. तुमच्या मुलाला सातच महिने झालेत. त्याला ते टेबल बघून काय वाटत असेल, याचा अंदाज मी बांधू शकते.

वाइन ओतण्याचं दृश्य मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, ‘‘अरारा, किती वाया घालवली!’’ सगळी खोली हसली, मीही हसले. पण त्यानंतर मी हे दृश्य नव्या पेशंटना दाखवणं बंद केलं. दारूचा पेला, तिचा रंग, ओतण्याचा आवाज हे दिसताच शरीर तयारीला लागतं, तोंडाला पाणी सुटतं, छातीत धडधडतं. यालाच आम्ही तल्लफ म्हणतो, आणि ती कलाकृतीचा अर्थ विचारत बसत नाही. केंद्रात दाखल होऊन पंधरा दिवस झालेल्या माणसाला ते दृश्य प्रतीक म्हणून दिसत नाही, दारू म्हणूनच दिसतं.

त्याचा अर्थ लावायचा तर दोन्ही बाजूंनी लागतो. ख्रिस्ती प्रार्थनाविधीत वाइन म्हणजे येशूचं रक्त. कॅश श्रद्धाळू होता, त्यामुळे ते सांडणं त्याच्यासाठी साधं नव्हे. आणि आपण मराठी माणसं ते बघतो तेव्हा वेगळंच काही आठवतं. एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडला की आपण म्हणतो, ‘त्यावर पाणी सोडलं’. दान देताना हातावरून उदक सोडतात, तिथून आलेला हा शब्द. एका निवृत्त शिक्षकाने गटात हे बोलून दाखवलं होतं. ‘‘तो माणूस आपल्या मिळकतीवर पाणी सोडतोय,’’ असं त्यांचे शब्द होते. मला हा अर्थ कुठल्याही समीक्षेपेक्षा जास्त पटला.

थरथरत्या हाताबद्दल मात्र सावध राहायला हवं. आमची नजर तिथे पटकन जाते, कारण सकाळी पेला हातात धरता येत नाही तो हात आम्ही रोज बघतो. बरेच प्रेक्षकही तो हात म्हणजे व्यसनाचं प्रतीक असं धरून चालतात. कॅशचा हात आजाराने थरथरत होता. 1997 मध्ये त्याला मज्जासंस्थेच्या एका गंभीर आजाराचं निदान झालं, पुढे तेही बदललं आणि मधुमेहाशी जोडलेली मज्जातंतूंची विकृती असं सांगण्यात आलं. दिसणारी प्रत्येक गोष्ट प्रतीक नसते. माणूस आजारीही असतो. घरच्यांनी हे फार लक्षात ठेवावं, कारण दारू सोडलेल्या माणसाचा साधा ताप, साधी चिडचिड हीसुद्धा घरात ‘परत प्यायला लागला वाटतं’ म्हणून वाचली जाते.

मग ते संग्रहालय. ‘हाउस ऑफ कॅश’, त्याच्याच नावाचं, हेंडरसनव्हिलमधलं. पुराच्या पाण्याने खराब झालेलं, बंद पडलेलं. बंद असल्याची पाटी, मोडकी मानचिन्हं, फुटलेली तबकडी, सगळं जसं होतं तसं दाखवलंय. गाण्यात मातीमोलाच्या साम्राज्याचा उल्लेख येतो, आणि पडद्यावर ते साम्राज्य खरोखरच धूळ खात पडलंय. त्याच्या मधोमध तरणाताठा कॅश चमकून जातो. तुरुंगातल्या कैद्यांसमोर गाणारा, आगगाडीतून बाहेर बघणारा, लहानपणच्या पडक्या घराला भेट देणारा. शेवटाकडे ही दृश्यं इतक्या वेगाने एकमेकांवर आदळतात की बघणाऱ्याचा श्वास वर राहतो. रात्री झोप न येणाऱ्या माणसाच्या डोक्यात आठवणी याच वेगाने येतात. आपण त्या बोलावत नाही, त्या घुसतात. आणि मग पियानोचं झाकण बंद होतं, त्यावरून हात फिरतो, संपलं.

येशूच्या दृश्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ती कॅशने स्वतःच काढलेल्या 1973 च्या येशूवरच्या चित्रपटातली आहेत. त्याच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. पण व्यसनी माणूस आणि क्रूस यांची जोडी मला भीतीदायक वाटते. पिणाऱ्या माणसाला आपला छळ झालाय ही भावना फार प्रिय असते. बायको समजून घेत नाही, भावाने वाटणीत फसवलं, साहेब खार खातो, सगळ्यांनी मिळून मला सुळावर चढवलं. आणि मग सुळावरच्या माणसाने एक क्वार्टर घेतली तर काय बिघडलं? गटात हे दृश्य आलं की मी व्हिडिओ थांबवते आणि विचारते, ‘‘इथे खिळे कोण ठोकतंय?’’ कोणी तरी शेवटी म्हणतो, ‘‘आपणच.’’ तिथवर यायला कधी अर्धा तास लागतो.

आता ज्या जागेसाठी मी हा व्हिडिओ इतकी वर्षं सांभाळलाय, तिथे येते. जिन्यावर उभी असलेली जून. ती दिसते फक्त काही सेकंद. बोलत नाही, नवऱ्याकडे बघते. दिग्दर्शकाने नंतर सांगितलंय की हे आधी ठरलेलं नव्हतं. चित्रीकरण चालू असताना ती तशी बघत उभी दिसली आणि त्याने तिला व्हिडिओत यायची विनंती केली. त्या नजरेत माया आहे, काळजी आहे, थकवा आहे, आणि पस्तीस वर्षांच्या संसाराची सगळी माहिती आहे. व्यसनावरच्या कितीतरी गाण्यांत पिणारा असतो आणि त्याची नशा असते. त्याच्याकडे बघत जगणारं माणूस नसतं. इथे आहे.

एकदा कुटुंबीयांच्या सभेत हा व्हिडिओ लावला होता. पुरुष मंडळी टेबल, तुरुंग, गिटार यावर बोलत होती. एक बाई पंधरा मिनिटं गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, ‘‘ती जिन्यावरून खाली का येत नाही ते मला माहिती आहे. खाली आलं की विचारावं लागतं, आज घेतली का?’’ पुढे त्या सभेत व्हिडिओवर कोणी बोललं नाही.

तुम्ही त्या रात्री मुलाच्या मागे उभं राहून पाहिलंत, म्हणजे तुम्हीही त्या क्षणी जिन्यावरच होता.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांमध्ये चौथी पायरी आहे, स्वतःच्या वागण्याचा न घाबरता केलेला झाडा. कोणाला काय दिलं, कोणाचं काय बुडवलं, सगळं कागदावर मांडायचं. हा व्हिडिओ म्हणजे चौथी पायरीच आहे, आणि इतक्या प्रामाणिकपणे मांडलेला झाडा मी क्वचित बघितलाय. पण आठवी आणि नववी पायरी, म्हणजे ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करणं, ती यात नाही. कॅशच्या हातात तेवढा वेळ उरला नव्हता. सत्तर वर्षांच्या माणसाने हिशेब मांडून पियानोचं झाकण लावलं, तर ते त्याच्या वयाला साजेसं आहे. चोवीस वर्षांच्या मुलाने रोज रात्री तेच झाकण स्वतःच्या हाताने लावलं तर मात्र मला काळजी वाटते. त्याला पश्चात्ताप वाटतोय, ते चांगलंच. पण पश्चात्तापाबरोबर त्या म्हाताऱ्याचा शेवटही तो उसना घेतोय का, हे बघायला हवं. ‘मी चुकलो’ आणि ‘मी म्हणजेच चूक’ या दोन वाक्यांमध्ये एवढंच अंतर आहे, आणि दुसऱ्या वाक्यापाशी पोचलेली पोरं परत पितात किंवा स्वतःला इजा करतात.

म्हणून व्हिडिओ बंद करायला सांगू नका. चोरून बघेल, आणि तुमच्याशी बोलायचं एक निमित्त जाईल. एखाद्या रात्री शेजारी बसा, तेही विचारून. संपला की अर्थ सांगत बसू नका (या उत्तरातलं तर अजिबात नको). ‘‘तुला यातली कुठली जागा थांबवून बघावीशी वाटते?’’ एवढंच विचारा. टेबल म्हणाला, तर त्याला सध्या कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक कशी आहे ते बघा. संग्रहालय म्हणाला, तर वाया गेलेली कॉलेजची वर्षं त्याला खात असतील. जून म्हणाला, तर तो तुमच्याबद्दल किंवा त्याच्या आईबद्दल बोलतोय. वाइनचं नाव काढलं, तर घाबरू नका, पण तल्लफ येते का, कधी येते, हे सरळ विचारा, आणि रात्री एकटं असतानाऐवजी दिवसा बघायला सुचवा. झोपेच्या आधीची वेळ बहुतेकांची सगळ्यांत वाईट असते.

आणि एक प्रश्न, जो आईवडिलांच्या तोंडातून बाहेर पडत नाही. ‘‘तुला कधी जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’’ असं विचारल्याने ते डोक्यात भरतं, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर बहुतेक मुलांना सुटल्यासारखं होतं. तो ‘हो’ म्हणाला, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, निरवानिरवीचं बोलायला लागला, अंगावर जखमा दिसल्या, तर व्हिडिओ, प्रतीकं सगळं बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. रात्री-अपरात्री टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, फोनवर मराठीत बोलता येतं. फक्त व्यसनाबद्दल विचारायचं असेल तर 14446.

हे काहीच नसेल, नुसतं गाणं आवडत असेल, तर त्याला आणखी एक माहिती द्या. त्याला ती बहुधा नसेल, कारण सगळे या गाण्याचा संबंध कॅशच्या मरणाशीच जोडतात. ज्याने हे शब्द तुमच्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असताना लिहिले, तो रेझनर 2001 पासून नशेपासून दूर आहे. त्याने लग्न केलं, त्याला मुलं झाली, चित्रपट-संगीतासाठी त्याने दोन ऑस्कर मिळवले. कॅशचा व्हिडिओ बघितल्यावर आता हे गाणं आपलं राहिलं नाही, असं तो म्हणाला होता. आणि गाण्याच्या अगदी शेवटच्या ओळी, ज्यांच्यावर कोणी फारसं बोलत नाही, त्या नव्याने सुरुवात करता आली तर आपण स्वतःला कसं सांभाळू, याबद्दल आहेत. त्या ओळी चालू असताना पडद्यावर इतकी गडबड असते की ऐकायच्या राहून जातात. एकदा स्क्रीन पालथा ठेवून त्याला नुसतं ऐकायला सांगा.

त्याने कुठली जागा निवडली, ते मला जरूर कळवा.